स्मार्ट टीव्हीचे इंटरनेट बंद पडले तर : आधी तपासा, मग खर्च करा

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी बांधवांच्या दुकानांत व घरांत स्मार्ट टीव्ही मोठ्या प्रमाणात आले आहेत. टीव्ही असावा की नसावा हा वाद जुना आहे व तो या पानाचा नाही. परंतु ज्यांनी तो घेतला आहे त्यांच्या दृष्टीने ती हजारो रुपयांची वस्तू आहे आणि तिच्यावर कामेही अवलंबून आहेत. घाऊक दुकानात सुरतेहून आलेली नवी डिझाइन मोबाइलवरून मोठ्या पडद्यावर दाखविता येतात. घरी मुले शिकवणीचे धडे पाहतात. रमजानमध्ये मक्का शरीफमधील तरावीहचे थेट प्रक्षेपण वृद्ध मंडळी पाहतात. ही सारी कामे इंटरनेटवर चालतात. इंटरनेट तुटले की हा महागडा टीव्ही म्हणजे भिंतीवरची काळी काच होते आणि आपण ताबडतोब मेकॅनिकला फोन लावतो. तेथूनच बहुतेक वेळा नाहक खर्चाला सुरुवात होते.

मी स्वतः या फेऱ्यातून गेलो आहे. लग्नसराईच्या तोंडावर दुकानातला टीव्ही रोज दगा देऊ लागला. दोन-चार मिनिटे चित्र चाले, मग मध्येच एक गोल फिरू लागे आणि शेवटी ‘नेटवर्क नाही’ अशी पाटी येई. खानदेशातले एक जुने गिऱ्हाईक समोर बसले होते, त्यांनी अर्धा तास ते फिरणारे गोल पाहिले आणि ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने पाहणी करण्याचे पाचशे रुपये घेतले आणि टीव्हीच्या आतले वायफायचे कार्ड गेले आहे, ते मुख्य बोर्डावरच असल्याने बोर्ड बदलावा लागेल, सहा हजार रुपये होतील, असे सांगितले. मी होकार देण्याच्या बेतात होतो. संध्याकाळी आयटीआयमध्ये शिकणारा भाचा आला. त्याने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही त्याला जोडला. टीव्ही तासभर न अडखळता चालला. ‘‘मामू, टीव्हीला काही झालेले नाही. दोष मागे कुठेतरी आहे,’’ असे म्हणून तो काउंटरखाली शिरला.

दोष मिळाला तो फार क्षुल्लक होता. रंगकामाच्या वेळी पोरांनी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या. त्यात राउटरचा अ‍ॅडॉप्टर सीसीटीव्ही कॅमेऱ्याला गेला व कॅमेऱ्याचा राउटरला आला. दोन्ही १२ व्होल्टचे, पिनही सारखी. पण राउटरला दीड अँपिअर लागतो आणि कॅमेऱ्याचा अ‍ॅडॉप्टर अर्ध्या अँपिअरचा होता. एकटा मोबाइल जोडलेला असेपर्यंत राउटर कसाबसा तग धरी. टीव्हीने चित्र ओढायला सुरुवात केली की बोजा वाढे, वीज पुरेनाशी होई आणि राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. अ‍ॅडॉप्टरची अदलाबदल केली आणि काम झाले. सहा हजार रुपये वाचले. पाचशे मात्र गेले आणि गिऱ्हाईकही गेले.

त्या मेकॅनिकने मला मुद्दाम फसविले असे मी म्हणणार नाही. त्याला टीव्हीची माहिती होती, राउटरची नव्हती. म्हणून त्याला दोष टीव्हीतच दिसला.

दोष कोणत्या मुक्कामावर आहे?

कापडात खोट निघाली तर जाणता व्यापारी लगेच विणकराला बोल लावत नाही. सुतात खोट होती, ताण्यात होती, मागावर झाली की रंगाईत, हे तो आधी पाहतो. कारण विणकराने माग बदलला तरी सुतातली खोट जात नाही. टीव्हीचेही तसेच आहे. इंटरनेट आपल्या पडद्यावर येईपर्यंत पाच मुक्काम करते. पहिला म्हणजे रस्त्यावरून घरात आलेली फायबरची तार, दुसरा राउटर, तिसरा राउटर व टीव्ही यांमधली हवा, चौथा खुद्द टीव्ही आणि पाचवा त्या टीव्हीतले अ‍ॅप. पाचही मुक्कामांवरच्या दोषाला आपण ‘नेट येत नाही’ असेच म्हणतो, पण इलाज प्रत्येकाचा वेगळा आहे.

तेव्हा पाटीवर नक्की काय लिहून आले आहे ते प्रथम पाहावे. ‘नेटवर्क जोडलेले नाही’ असे असेल तर टीव्ही राउटरपर्यंतच पोहोचलेला नाही. ‘जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही’ असे असेल तर टीव्ही राउटरपर्यंत गेला, पुढे वाट नाही. आणि एक अ‍ॅप चालते, दुसरे चालत नाही, असे असेल तर नेटवर्कला हात लावण्याचे कारणच नाही. पुष्कळ टीव्हींच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची स्थिती दाखविणारे एक पान असते. त्यावर टीव्ही, राउटर व इंटरनेट अशी तीन चित्रे रेघांनी जोडलेली असतात आणि जेथे वाट तुटली असेल तेथे फुली दिसते. पाटी इंग्रजीत असेल व वाचता येत नसेल तर मोबाइलने तिचा फोटो काढून ठेवावा आणि जाणकाराला दाखवावा. ‘काहीतरी लिहून येते’ असे फोनवर सांगितल्याने कोणालाच काही समजत नाही.

यानंतर माझ्या भाच्याने केलेली चाचणी करावी. टीव्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. चालला तर टीव्ही निर्दोष आहे; तार, राउटर किंवा हवा यांत दोष आहे. हॉटस्पॉटवरही कोणतेच अ‍ॅप चालत नसेल तर दोष टीव्हीत आहे. या चाचणीला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात. फक्त हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा बँड निवडावा, कारण कमी किमतीच्या पुष्कळ टीव्हींना ५ गिगाहर्ट्झची लहर दिसतच नाही. चाचणी झाली की हॉटस्पॉट आठवणीने बंद करावा. ऊंचे, म्हणजे ४के दर्जाचे चित्र तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खाते आणि टीव्हीने त्याच वेळी स्वतःचे अपडेट उतरवायला घेतले तर दिवसाचा कोटा बघता बघता संपतो.

बंद करण्याची रीत

‘बंद करून चालू करा’ हा सल्ला सगळेच देतात. पण रिमोटने टीव्ही बंद केला तर तो खरोखर बंद होत नाही, झोपतो. तो पूर्ण बंद करायचा असेल तर भिंतीतला प्लग काढून एक मिनिट थांबावे. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी राउटर बंद करून सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत तीन ते पाच मिनिटे थांबावे, त्यानंतरच टीव्ही लावावा.

आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा नेमके उलटे घडते. वीज आली की टीव्ही राउटरच्या आधी जागा होतो, वाट शोधतो आणि राउटर तयार नसल्याने हिरमुसून बसतो. नेटवर्कच्या पानावर टीव्हीचा आयपी पत्ता लिहिलेला असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने टीव्हीला पत्ता दिलेलाच नाही असे समजावे. सर्वसाधारणपणे घरगुती पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो. अशा वेळी वायफाय पुन्हा जोडले की काम होते. वीज फार जात असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावा. घेताना व्होल्ट राउटरइतकेच हवेत, अँपिअर राउटरइतके किंवा जास्त हवेत. हे आकडे राउटरच्या तळाशी व अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत छापलेले असतात. मी आता दुकानातल्या प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर कापडी पट्टी चिकटवून तो कशाचा आहे ते उर्दूत लिहून ठेवले आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. राउटरच्या मागे सुईने दाबायचे एक बारीक छिद्र असते. काही उत्साही पोरे ‘रीसेट करतो’ म्हणून ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरतात. त्याने राउटर सुरू-बंद होत नाही, त्याची सारी स्मरणशक्तीच पुसली जाते. पुष्कळ ठिकाणी कंपनीने भरलेले नाव व पासवर्ड त्यात असतात, तेही जातात. मग टीव्हीच नव्हे, सगळ्या घराचे इंटरनेट बंद पडते आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत हात बांधून बसावे लागते. टीव्हीचे ‘फॅक्टरी रीसेट’ही तसेच आहे. सारे उपाय थकल्यावर ते करावे, आधी नाही.

तार व राउटर

फायबरच्या डब्यावर दिव्यांची रांग असते. त्यातला ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला असेल तर रस्त्याकडून प्रकाशच येत नाही, असा अर्थ आहे. यात टीव्ही मेकॅनिकचे काम नाही. कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पण त्यापूर्वी आत आलेली बारीक तार नजरेखालून घालावी. या तारेत तांबे नसते, केसासारखी काच असते. विजेच्या तारेप्रमाणे ती वळवून खिळ्याला गुंडाळली तर प्रकाश बाहेर निसटतो. आपल्या दुकानांत कात्री, गज आणि गठ्ठे यांचा वावर असतो, उंदीरही असतात, त्यामुळे तार उंचावरून व नळीतून न्यावी. तिचे टोक निघालेले दिसले तर त्यात डोळा लावून पाहू नये. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण अपाय करू शकतो.

ज्यांच्या घरातच माग आहेत किंवा शेजारी कारखाना आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. उडणारी रुई राउटरच्या जाळीत बसते आणि हवा खेळेनाशी होते. राउटर हाताला चटका बसेल इतका तापला की अडखळू लागतो. महिन्यातून एकदा राउटर बंद करून कोरड्या ब्रशने जाळी साफ करावी. त्यावर रुमाल किंवा क्रोशाचे झाकण घालण्याची हौस करू नये.

हवेतले अडथळे

सर्वांत जास्त तक्रारी या तिसऱ्या मुक्कामाच्या असतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही याबद्दलच आहेत. राउटर साधारणतः दोन लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण तिच्यावर गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण एक-दोन विटांच्या भिंतींत दमते. टीव्ही व राउटर एकाच खोलीत असतील आणि टीव्हीला ५ दिसत असेल तर ५ घ्यावी. खाली दुकान, वर घर आणि मध्ये लोखंडी सळ्यांचा स्लॅब असेल तर २.४ बरी.

पुष्कळ राउटर दोन्ही लहरींना एकच नाव देतात व कोणती द्यायची ते स्वतः ठरवितात. त्यामुळे काही टीव्हींची फरफट होते. दोघींना वेगवेगळी नावे देऊन टीव्हीला कायमची एक ठरवून दिली की हे थांबते.

लहरींना सर्वांत जास्त अडवते ते लोखंड. दुकानाचे शटर, पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांच्या मागे राउटर ठेवू नये. पाण्याची टाकीही अडथळाच आहे. कोरडे कापड मात्र फारसे अडवत नाही. गठ्ठ्यांच्या रांगेपलीकडे सिग्नल जातो, पण त्याच गठ्ठ्यांचे लोखंडी रॅक त्याला खातात. राउटर जमिनीवर किंवा काउंटरच्या पोटात न ठेवता छातीच्या वर मोकळ्या जागी ठेवला तर पुष्कळदा तेवढ्यानेच तक्रार मिटते. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४ च्याच आसपास चालतो. तो लावला की चित्र थांबत असेल तर दोषी कोण हे समजून घ्यावे.

आता गर्दीचे पाहू. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांत अजिबात न मिसळणारे फक्त १, ६ आणि ११ आहेत. दाट मोहल्ल्यात मोबाइल उघडला तर पंधरा-वीस वायफायची नावे दिसतात. त्यांतली निम्मी एकाच चॅनलवर असली तर अवस्था शुक्रवारच्या बाजारासारखी होते, सगळे एकदम बोलतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही. मोबाइलवर चॅनल दाखविणारी मोफत अ‍ॅप आहेत, त्यांत पाहून या तिघांपैकी कमी गर्दीचा चॅनल राउटरमध्ये कायम करावा. १२ किंवा १३ वर ठेवू नये. अमेरिकेच्या बाजारासाठी तयार झालेल्या काही संचांना हे चॅनल दिसतच नाहीत. नातेवाइकाने तिकडून आणलेल्या टीव्हीला शेजाऱ्याचे वायफाय दिसते, स्वतःचे दिसत नाही, असा चमत्कार असेल तर हे आधी तपासावे.

माझे स्वतःचे मत असे आहे की, शक्य तेथे हवेच्या भानगडीत पडूच नये, सरळ केबल टाकावी. बहुतेक टीव्हींच्या मागे केबलची खाच असते. तिचा वेग साधारणतः १०० एमबीपीएसपर्यंतच असतो, पण तो पुष्कळ झाला. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार पूर्ण एचडी चित्राला ५ व ४के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात. केबल एकदा चांगली टाकली तर शेजाऱ्याने दहा राउटर लावले तरी आपल्याला फरक पडत नाही. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते.

मात्र केबल घेताना कापड घेतो तसे निरखून घ्यावे. सुती म्हणून पॉलिस्टर मिसळलेला माल खपविला जातो, तसाच प्रकार येथेही आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तांब्याची म्हणून विकली जाते. एक तार सुरीने खरवडून पाहावी, आत पांढरे निघाले तर परत करावी. ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ आणि शुद्ध तांबे एवढे दोन शब्द दुकानदाराला सांगावेत. टोकाला प्लास्टिकची पिन बसविणाऱ्या कारागिरांनी रंगांचा क्रम डावीकडून, पिनची खिट्टी खाली ठेवून, असा धरावा : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम. १०० एमबीपीएससाठी यांतल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या चारच तारा कामाला येतात. आठांपैकी एक तुटली तरी कधी टीव्ही चालतो आणि कधी मुळीच चालत नाही, त्याचे कारण हेच.

पासवर्ड

आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांची येथे वेगळीच पंचाईत होते. उर्दूत मोठे अक्षर व लहान अक्षर असा भेद नाही, मराठीतही नाही. म्हणून पासवर्डमधले पहिले इंग्रजी अक्षर मोठे आहे हे ध्यानातच येत नाही. रिमोटने एकेक अक्षर शोधून भरायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवटी टीव्हीला शिव्या. टीव्हीच्या दृष्टीने मोठे ‘ए’ व लहान ‘ए’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. शून्य व ‘ओ’ यांतही असाच घोटाळा होतो. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर टीव्हीत जुने नेटवर्क ‘विसरा’ म्हणून काढून टाकावे व नवीन जोडावे. राउटर नवीन व टीव्ही जुना असेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ वर तर नाही ना, हे पाहावे. जुन्या संचांना डब्ल्यूपीए-२ लागते. कंटाळून पासवर्डच काढून टाकण्याचा मार्ग मात्र कोणी धरू नये. आपल्या जोडणीवरून रस्त्यावरच्या माणसाने काही गैर केले तर पहिली विचारपूस आपल्याच दारी येते.

टीव्हीचे घड्याळ

नेटवर्कच्या पानावर सगळ्या रेघा हिरव्या आहेत, तरी एकही अ‍ॅप उघडत नाही, अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण येतात. यात टीव्हीची तारीख पाहावी. हसू येईल, पण हे खरे कारण असते. मालाबरोबर आपण ई-वे बिल पाठवितो, त्यावर मुदत असते. नाक्यावरच्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये चुकीचे साल असेल तर बरोबर बिलही त्याला बाद वाटेल. इंटरनेटवरच्या प्रत्येक सेवेकडे असेच एक मुदतीचे प्रमाणपत्र असते व टीव्ही ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. टीव्हीत साल २०१५ असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले दिसते आणि तो दार उघडत नाही. तारीख व वेळ ‘आपोआप’ वर ठेवावी, तशी येत नसेल तर हाताने भरावी.

प्रमाणपत्रांचा दुसराही प्रकार आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी इंटरनेटवरील एका मोठ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ज्या जुन्या उपकरणांना नवे मूळ प्रमाणपत्र मिळाले नव्हते, त्यांच्यावर कित्येक ठिकाणे उघडेनाशी झाली, जरी तार, राउटर आणि घड्याळ सारे ठीक होते. तसेच १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्सने २०१० व २०११ सालचे काही सॅमसंग टीव्ही व इतर काही जुन्या उपकरणांवर चालणे बंद केले. अशा वेळी कोणताही बोर्ड बदलून उपयोग नाही. पण म्हणून पूर्ण टीव्ही टाकून देण्याचेही कारण नाही. पडदा चांगला असेल तर त्याच्या एचडीएमआय खाचेत बसणारी एक स्टिक किंवा छोटा डबा घेतला की जुना टीव्ही पुन्हा कामाला लागतो. ती स्टिक टीव्हीच्या यूएसबी खाचेवर चालवू नये. त्या खाचेतून साधारणतः अर्धा अँपिअरच मिळतो. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर वापरावा, नाहीतर माझ्या राउटरचीच कहाणी पुन्हा घडेल.

जोडणी आहे, तारीख बरोबर आहे, तरी काही उघडत नाही, तर डीएनएस बदलून पाहावा. डीएनएस म्हणजे नाव सांगितल्यावर पत्ता काढून देणारी वही. कंपनीची वही अडली असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा आकडा भरावा. एकच अ‍ॅप अडत असेल तर त्याची साठवण साफ करावी, ते काढून पुन्हा घालावे. स्वस्त टीव्हींत जागा थोडी असते, न वापरातली अ‍ॅप काढून टाकली तरी फरक पडतो.

मोबाइलवरची डिझाइन टीव्हीवर जात नसतील, तर दोन्ही एकाच वायफायवर आहेत का ते पाहावे. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवले असेल व मोबाइल त्यावर असेल तर टीव्ही दिसणार नाही. गिऱ्हाइकांना मात्र पाहुण्यांचेच वायफाय द्यावे. बिलिंगचा संगणक व आपला टीव्ही ज्यावर आहेत, त्याचा पासवर्ड बाहेर देऊ नये.

फोनवरचे ठग

टीव्ही अडला की माणूस मोबाइलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. वर येणारा नंबर कंपनीचाच असतो असे नाही. ठगांनी असे खोटे नंबर पसरवून ठेवले आहेत. समोरचा माणूस गोड बोलतो, टीव्ही ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करण्यासाठी थोडी फी मागतो, किंवा मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घ्यायला लावतो आणि त्यावरचा आकडा विचारतो. त्या अ‍ॅपने आपल्या मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो, मग बँकेचा ओटीपी त्याला विचारावाही लागत नाही. स्मार्ट टीव्ही सुरू करून देण्यासाठी कोणतीही कंपनी फोनवर अशी फी घेत नाही. नंबर नेहमी वॉरंटी कार्डावरचा, बिलावरचा किंवा संचाच्या मागे छापलेलाच घ्यावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडविली जाण्याची शक्यता जास्त असते. कंपनी वॉरंटीत असूनही दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. वॉरंटीतला संच बाहेरच्या मेकॅनिककडून उघडवू नये, हे वेगळे सांगायला नको.

पिक्चर ट्यूबच्या काळात नाव कमावलेले आपले टीव्ही कारागीर आज बेकारीची तक्रार करतात. ट्यूब गेली, पॅनेल दुरुस्त होत नाही, हे खरे आहे. परंतु वर लिहिलेले हे सारे काम कोणीतरी करायचेच आहे. केबल टाकणे, पिना बसविणे, राउटरची जागा ठरविणे, चॅनल लावणे, जुन्या संचाला स्टिक बसवून देणे, यासाठी एक पिन बसविण्याचे हत्यार, एक केबल तपासणारा डबा व एक मोबाइल एवढे भांडवल पुरते. आमच्या भाच्याने हेच सुरू केले आहे. गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर तो टीव्हीला हात लावण्याआधी हॉटस्पॉट लावतो आणि राउटरचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून त्यावरचे आकडे वाचतो.